होनरावबाईंचं करपात्र दुःख

निमगावात नुकसानभरपाईवरचा कर पैशात घेत नाहीत. ज्या गोष्टीबद्दल भरपाई मिळाली, त्याच गोष्टीतला हिस्सा घेतात.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. शेतसारा एकेकाळी धान्यातच घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार. एका किराणा दुकानदाराला लिफ्टमध्ये दिवसभर अडकून पडल्याच्या भीतीबद्दल भरपाई मिळाली, तेव्हा त्याने तीस टक्के भीती नुकसानभरपाई कर कार्यालयात जमा केली आणि रीतसर पावती घेतली. आता तो लिफ्टमध्ये जातो, फक्त डोळे मिटून जातो. एका निवृत्त तलाठ्याची निधनवार्ता वर्तमानपत्रात चुकून छापून आली होती. त्याने आपल्या अपमानातला हिस्सा भरला आणि पुढे तेच कात्रण येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने दाखवू लागला. एकंदरीत लोकांची या पद्धतीबद्दल कुरकुर नाही.

कुरकुर आहे ती एकाच कलमाबद्दल. शरीराच्या इजेची भरपाई करमुक्त आहे आणि मनाच्या इजेची करपात्र. म्हणजे हात मोडला तर त्याची कळ सगळीच्या सगळी तुमच्याकडे राहणार, सरकार तिला बोट लावणार नाही. ‘ठणक घ्या हो, तीस काय, शंभर टक्के घ्या,’ असे अर्ज घेऊन माणसं दरवर्षी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. कार्यालयाचं उत्तर ठरलेलं असतं: करमुक्ती ही सवलत आहे, आणि सवलत नाकारण्याची तरतूद कायद्यात नाही.

रत्नमाला होनरावला या कार्यालयाचं तोंड कधी पाहावं लागलं नव्हतं. तिचा नवरा मल्लिनाथ हा गावातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरची वाक्यं, पाण्याच्या टाकीवरचा पाणी जपून वापरण्याचा सल्ला, सगळं त्याच्या हातचं. फ्लेक्स आले आणि काम आटलं, तरी तो रोज सकाळी ब्रश धुऊनपुसून तयार ठेवायचा, कोणी आलंच तर म्हणून. एका संध्याकाळी दोघं स्कूटरवरून बाजारातून घरी येत होते आणि कुणा पाहुण्याच्या स्वागतासाठी उभारलेली फ्लेक्सची भलीमोठी कमान त्यांच्यावर कोसळली. मल्लिनाथ जागच्या जागी गेला. मागे बसलेल्या रत्नमालाचा डावा गुडघा चुरला. पाहुणे दुसऱ्या रस्त्याने आले आणि सत्कार वेळेवर पार पडला.

मंडपवाल्या कंत्राटदाराने कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेतल्या आणि शेवटी कंटाळून तडजोड केली. तडजोडीत दोन बाबी होत्या. एक, रत्नमालाचा गुडघा. दुसरी, मल्लिनाथ गेल्याचं दुःख. या दुसऱ्या बाबीत मुलीचा, गिरिजाचाही वाटा होता. गिरिजा नाशिकला एका पतसंस्थेत नोकरीला. पैसे हातात पडल्याबरोबर तिने पहिलं कुठलं काम केलं असेल, तर शहरातल्या दवाखान्यात जाऊन आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली.

“आता नाही म्हणू नकोस,” ती फोनवर म्हणाली. “उठताना भिंत धरतेस, बसताना देवाचं नाव घेतेस. एकदाचा बदलून टाकू तो गुडघा.”

रत्नमाला नाही म्हणाली नाही. तिलाही त्या गुडघ्याचा वीट आला होता.

आणि मग नोटीस आली. भाषा सभ्य होती, त्याबद्दल कार्यालयाला नावं ठेवता येणार नाहीत. आपल्या पतीच्या निधनाबद्दल आपणांस झालेल्या दुःखापैकी तीस टक्के दुःख मार्चअखेर खिडकी क्रमांक चारवर जमा करावे. कोणते दुःख जमा करावयाचे याची निवड करदात्याने स्वतः करावी. निवड न केल्यास कार्यालय वरच्या थरातून वसुली करील.

रत्नमालाने ती उभ्याउभ्याच वाचली. तिने नोटीस देवाजवळ ठेवली, मग तिथून काढून गव्हाच्या डब्यावर ठेवली, मग परत वाचली.

चार नंबरच्या खिडकीवर भरणा कसा करतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीशी एक स्टूल असतं. त्यावर बसायचं आणि जे द्यायचं ते आतल्या कारकुनाला सांगायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही हातचं न राखता. कारकून ऐकून घेतो आणि शिक्का मारतो. सांगितलेलं तिथेच राहतं. आठवण तुमची तुमच्याबरोबर घरी येते. तिचं दुखणं येत नाही.

शेजारच्या बिराजदारकाकूंची आई जत्रेतल्या पाळण्यातून पडून गेली होती. काकूंनी त्याचा कर मागेच भरून टाकला. तेव्हापासून त्या तो प्रसंग कांद्याचे भाव सांगावेत तसा सांगतात. पाळणा केवढा होता, आई कुठल्या अंगावर पडली, पाळणेवाला काय म्हणाला. सांगून झालं की विचारतात, चहा टाकू का? माणूस म्हणून काकू लाखात एक, पण ते ऐकताना रत्नमालाच्या अंगावर काटा यायचा.

“अगं, तीसच टक्के तर आहे,” काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “मी आईचं पडणं तेवढं दिलं. बाकीची आई आहे की माझ्याकडं.”

“आणि पडणं गेलं त्याचं काही वाटत नाही तुम्हाला?”

“वाटायला ते हवं ना शिल्लक?” काकू म्हणाल्या. त्यांचं बोलणं कायद्याला धरून होतं. रत्नमाला घरी आली आणि तिने दाराला कडी लावली.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. काय द्यायचं? ती एकेक आठवण काढून बघायची. मल्लिनाथच्या शर्टाला येणारा टर्पेंटाइनचा वास देऊन टाकावा का? छे, तो तर कपाट उघडलं की अजून भेटायचा. मग मागच्या खोलीतली अर्धवट पाटी? ‘येथे ताजे दही’ एवढं रंगवून झालं होतं, ‘मिळेल’ राहिलं होतं. दहीवाल्याने ती कधी मागितली नाही आणि रत्नमालाने तिच्याकडे पाठ करून झोपायची सवय लावून घेतली होती. ते द्यावं तर मग त्या पाटीचं काय उरणार? नुसती दह्याची पाटी. बशीत चहा ओतून तो आधी तिच्यापुढे सरकवायचा, ते? त्याच्या आजारपणात त्याच्यावर खेकसली होती, ते तरी? भाजीवालीच्या टोपलीत उचललेलं वांगं परत ठेवावं, तसं ती एकेक उचलायची आणि परत ठेवायची. द्यायला काढलेलं जे ते अचानक महत्त्वाचं वाटू लागायचं.

न निवडावं, तर वरचा थर जाणार. पण वर काय होतं हेच तिला माहीत नव्हतं. दुःख काही तिने थरांनी रचून ठेवलं नव्हतं. एखाद्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा जे आठवायचं ते वरचं धरावं, तर रोज काहीतरी वेगळंच आठवायचं.

त्यातच तिला आणखी एक भीती बसली. सांगितल्याने जातं, तर मग खिडकीवरच कशाला, कुठेही सांगितलं तरी थोडंफार सांडत असेल. तिने मल्लिनाथबद्दल बोलणंच बंद केलं. दूधवाल्याने सहज म्हटलं, “पेंटरसाहेबांनी रंगवलेला आमचा डबा अजून तसाच आहे बघा,” तर ती म्हणाली, “आज दूध पातळ दिसतंय.” गिरिजाचा फोन आला की ऊन किती पडलंय आणि नळाला पाणी कधी आलं एवढंच सांगायची. मार्च निम्मा सरला. तिला जेवण जाईना, आणि आरशात बघितलं की आपला चेहरा काही लपवणाऱ्या माणसासारखा दिसतोय असं तिला वाटायचं.

शेवटी ती गुळवेकडे गेली. गुळवे करसल्लागार आणि मल्लिनाथचा दोस्त. पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर त्याचं ऑफिस, त्यामुळे त्याच्या फायलींवर, टेबलावर आणि भुवयांवर कायम पिठाचा पातळ थर असायचा. गुडघ्यापायी तो जिना चढायला तिला एवढा वेळ लागला की गुळवे अर्ध्यावर खाली आला आणि हात देऊन तिला वर घेऊन गेला.

“वहिनी, आधी पाणी प्या. मार्चमध्ये सगळ्यांचेच चेहरे असे होतात,” तो म्हणाला आणि नोटीस वाचू लागला. “दुःख पूर्ण दाखवलंत का तुम्ही?”

“म्हणजे?”

“नाही, लोक कमी दाखवतात. आता काळ लोटला, तसं दुःखही ओसरलं, उरलंय त्याचे तीस टक्के घ्या, असं लिहून देतात. चालतं ते.”

“ओसरलं असं लिहून देऊ?” रत्नमालाचा आवाज चढला. “ह्यांचं दुःख ओसरलं म्हणून मी सही करू, गुळवेभाऊ? तुम्ही हे मला सांगता?”

गुळवे खजील झाला. त्याने रुमालाने भुवया पुसल्या. “राहू द्या. तो मार्ग तुमचा नाही.” मग तो कायद्याचं पुस्तक उघडून बराच वेळ पानं उलटत बसला. खाली गिरणी चालू होती आणि सगळी माडी हलत होती. रत्नमाला पाय लांब करून गुडघा चोळत राहिली.

गुळवेचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

“वहिनी, खरं सांगा. गुडघा दुखला की मल्लिनाथ आठवतो?”

“रोजच.”

“आणि उलट? मल्लिनाथ आठवला की गुडघा दुखतो?”

रत्नमालाचा हात थांबला. असा विचार तिने कधी केला नव्हता. पण हो, मागच्या खोलीत पाटीशी गेलं की कळ यायची. कपाट उघडलं की यायची. कोर्टाच्या तारखेला तर उभं राहवायचं नाही. “दुखतो की हो,” ती म्हणाली.

“मग झालं तर!” गुळवेने पुस्तक असं आपटलं की पीठ उडालं. “शरीराच्या इजेशी एकजीव झालेलं दुःख करमुक्त आहे. इथं लिहिलंय बघा. तुमचं दुःख मनात नाहीच मुळी. ते गुडघ्यात आहे.”

“असं असतं?”

“असतं म्हणजे? कोर्टाने मान्य केलंय. एका गृहस्थाचा अपमान त्याच्या कानात निघाला होता. त्याला थोबाडीत मारली होती ना, म्हणून.”

सुनावणी लागलीच मिळाली. गुळवेही बरोबर आला. सुनावणीचे अधिकारी निर्मळे साहेब हे सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी रत्नमालासाठी खुर्ची पुढे ओढली, पाय ठेवायला स्टूल मागवलं, आणि तिच्या गुडघ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. दुःखाचं ठिकाण तपासायची कार्यालयाची हीच पद्धत आहे.

“बाई, इथं तोंडाने काही बोलू नका,” ते म्हणाले. “बोललात तर भरणा धरावा लागेल. मी सांगेन ते फक्त आठवायचं.”

रत्नमालाने ओठ गच्च मिटले. आयत्या वेळी हा मेला गुडघा गप्प बसला तर? इतकी वर्षं नको तेव्हा दुखला, आणि आज नेमका शहाण्यासारखा वागला तर?

“एकोणतीसचा पाढा आठवा.”

तिने आठवला. येत नव्हता, पण येत होता तेवढा आठवला. पेल्यातलं पाणी आरशासारखं होतं. निर्मळे साहेबांनी कागदावर खूण केली.

“आता पती.”

तिने डोळे मिटले. काय आठवलं ते तिने तिथे कोणाला सांगितलं नाही, आणि सांगणं योग्यही नव्हतं. आधी पेल्याचा काठ थरथरला. मग पाणी हललं, सांडलं, तिच्या लुगड्यावरून खाली ओघळलं आणि टेबलाखाली निर्मळे साहेबांच्या चपलेपर्यंत गेलं. साहेबांनी पाय मागे घेतला नाही. ते वाकून पेल्याकडे बघत होते.

“आता उलट तपासणी करावी लागेल. माफ करा हं,” असं म्हणून त्यांनी पट्टीच्या टोकाने गुडघा दाबला. रत्नमाला कळवळली. “आठवले का? मान हलवा.”

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं होतं ते कळेचं की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. निर्मळे साहेबांनीही तो फरक करण्याचा प्रयत्न केला नाही.

“दुःखाचं ठिकाण, डावा गुडघा,” त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि लिहिलं. “संपूर्ण करमुक्त.”

रत्नमालाला एकदम हलकं वाटलं. तिने गुळवेकडे बघितलं. तो गालातल्या गालात हसत होता. ती उठायला लागली, तेवढ्यात निर्मळे साहेबांनी हात वर केला.

“होनरावबाई, एक अट ऐकून जा. ठिकाण नोंदलं गेलं आहे. आता हे दुःख जागा सोडणार नाही. गुडघा आहे तोवर आहे.”

“आणि गुडघा बदलला तर?” रत्नमालाने विचारलं.

“जुना गुडघा दवाखान्यात राहील. त्यात जे असेल ते त्यात राहील.”

“किती?”

“शंभर टक्के.” साहेबांना तिचा चेहरा उतरलेला दिसला असावा, कारण ते धीर देत म्हणाले, “त्यावर कर लागणार नाही.”

गुळवे पंख्याकडे बघू लागला.

“नोंद पुन्हा मनात घेता येते,” निर्मळे साहेब म्हणाले. “मग ऑपरेशन खुशाल करा. तीस टक्के मार्चअखेर, खिडकी चार.”

रत्नमाला उभीच होती. टेबलाची कड धरून उभी होती, कारण गुडघा पेटला होता. खोलीत दुसऱ्या माणसांच्या फायली होत्या, दुसऱ्यांची दुःखं होती, आणि दारात पुढचा करदाता आत यायची वाट बघत होता.

“गुडघ्यातच राहू द्या,” ती म्हणाली.

परत येताना गुळवे तिला रिक्षात बसवायला निघाला, पण तिने ऐकलं नाही. चालत निघाली. दर पावलाला कळ येत होती आणि दर पावलाला ती खात्री करून घेत होती, आहे, अजून आहे. लोकांना वाटलं, होनरावबाईंचा पाय आज जास्तच गेलेला दिसतो.

गिरिजा तिला ऑपरेशनला न्यायला आली ती शनिवारी दुपारी. बॅग भरलेली नाही, कपडे वाळत पडलेत आणि आई पलंगावर पाय लांब करून बसलीये, हे बघून तिचा पारा चढला. रत्नमालाने घडलं ते सगळं सांगितलं. कार्यालयाचं, पेल्याचं, अटीचं. मल्लिनाथबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

“आई, तुला वेड लागलंय का?” गिरिजा म्हणाली. “लंगडत बसणार आहेस जन्मभर? तीस टक्के देऊन टाकायचे आणि मोकळं व्हायचं. मी नाही का भरला?”

“तू कधी भरलास?”

“मला तर कळलंही नाही. पगारदारांचा परस्पर कापतात. एक दिवस मॅनेजर म्हणाले, बसा जरा, तुमच्या वडिलांबद्दल सांगा. मला वाटलं, माणूस आपुलकीने विचारतोय. मी आपली सांगत गेले. ते नुसते हं हं करत होते. महिनाअखेर पावती हातात आली.”

“काय सांगितलंस त्यांना?” रत्नमाला पलंगावर सावरून बसली.

“पुष्कळ. आठवेल ते.” गिरिजा वाळलेले कपडे ओढून काढत होती. “बरंच झालं. तेव्हापासून निदान झोप तरी लागते.”

“गिरिजा, इकडं ये. बस. तुला तो फोन आला होता, अप्पा गेल्याचा, तेव्हा तू काय करत होतीस?”

“जेवत होते. भेंडीची भाजी होती. बिराजदारकाकूंचा आवाज कापत होता, मला आधी वाटलं रेंज नाही. मग त्या म्हणाल्या, तुझे अप्पा गेले. मी हात धुतला, डबा बंद केला, झाकण बसत नव्हतं, नीट बसवलं. स्टँडवर आले तर गाडी नुकतीच सुटलेली. मग दुसऱ्या गाडीने...” बोलता बोलता गिरिजा थांबली. हातातला टॉवेल तिने अर्धवट घडी करून मांडीवर ठेवला. “आई, मी हे असं काय सांगतेय?”

रत्नमालाने तो टॉवेल तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

“सगळं आठवतंय मला. झाकणसुद्धा. पण काहीच होत नाहीये.” ती आईकडे बघत होती, आणि लहानपणी गर्दीत हात सुटला की व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. “माझे अप्पा गेले आणि मी भेंडीची भाजी सांगतेय तुला.”

मग ती ताडकन उठली आणि तिने गुळवेला फोन लावला. कापलेलं परत मिळतं का? गुळवे म्हणाला, परतावा नाही. एकदा जमा झालं ते जमा झालं. अपील केलंस तर तारखांवर तारखा पडतील. तिने फोन ठेवायच्या आत तो पुढे म्हणाला, “पण हे बघ, घरच्या माणसाने आपखुशीने दिलेलं करात धरत नाहीत. आईने मुलीला दिलं, तर ना आईला कर, ना मुलीला. त्याला अर्जसुद्धा लागत नाही.”

गिरिजा पलंगाच्या काठावर येऊन बसली.

“मला दे,” ती म्हणाली.

रत्नमालाचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. महिनाभर ज्याच्यासाठी जेवली नव्हती, ज्याच्यासाठी तोंडाला कुलूप घातलं होतं, साहेबांसमोर एकोणतीसचा पाढा आठवला होता, तेच ही पोरगी मागत होती. द्यायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगितलं की गेलं. तिला रागही आला क्षणभर. स्वतःचं बोलून बसलीस मॅनेजरजवळ, आणि आता माझ्याकडे मागतेस!

“सगळं नको गं,” गिरिजा म्हणाली. “माझं गेलं तेवढं.”

द्यायला काय निवडावं, यावर रत्नमालाने अख्खा मार्च घालवला होता. आता तिला निवडायला वेळ लागला नाही. टर्पेंटाइनचा वास नाही, दह्याची पाटी नाही, बशी नाही. जे तिने वकिलाला सांगितलं नव्हतं, कोर्टात सांगितलं नव्हतं, पेल्यासमोर आठवलं पण उच्चारलं नव्हतं, ते तिने काढलं. दिलंच तर चांगलं द्यावं, असं तिला वाटलं.

“त्या दिवशी स्कूटरवर,” ती म्हणाली, “ते मला काहीतरी सांगत होते. आधी स्वतःशीच हसले. पाठ हलली ना, म्हणून मला कळलं. मग मान थोडी मागं करून सांगायला लागले. वारं होतं, बँडवाले तालीम करत होते, मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, काय? त्यांनी परत सांगितलं. मी परत म्हटलं, अहो काय म्हणताय? तर हसायलाच लागले. म्हणाले, जाऊ दे, घरी गेल्यावर सांगतो.”

गिरिजा ऐकत होती.

“मी म्हटलं, आत्ता सांगा. तर म्हणाले, नाही, घरीच. नीट बसून सांगायची गोष्ट आहे. आणि मी त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. हलकीच. एवढंच.”

“आणि मग?”

“मग कमान.”

गिरिजाचा खालचा ओठ हलू लागला. “काय होतं गं ते? काय सांगणार होते?”

“कोण जाणे,” रत्नमाला म्हणाली, आणि आपण ते किती सहज म्हणालो हे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं या एका गोष्टीने तिला धड झोपू दिलं नव्हतं. तिने मनात ती परत म्हणून बघितली: वारं, बँडवाले, घरी गेल्यावर सांगतो. सगळं जागच्या जागी होतं. दुखत नव्हतं. गुडघ्याच्या आतल्या अंगाला एक जागा शांत झाली होती, आणि तिथे तिला फार मोकळं मोकळं वाटलं.

गिरिजा रडत होती. आधी आवाज न करता, मग हुंदके देऊन, मग आईच्या मांडीत डोकं खुपसून, अप्पा, अप्पा करत. “मला तरी विचारायचं ना घरी आल्यावर,” असं काहीतरी असंबद्ध ती बोलत होती. रत्नमाला तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिला मुलीची दया येत होती आणि, खोटं कशाला बोला, थोडा हेवाही वाटत होता.

ऊन उतरल्यावर गिरिजाने डोळे पुसले. दवाखान्याला फोन करून तिने तारीख पुढे ढकलली; कधीपर्यंत, असं पलीकडून विचारलं तेव्हा ‘कळवते’ म्हणाली. मग चहा टाकायला म्हणून उठली, आणि उठता उठता “आई गं!” म्हणून तिने भिंत धरली. दुसरा हात डाव्या गुडघ्यावर होता. ती तशीच उभी राहिली, वाकून, ओले गाल घेऊन.

“दुखतंय?” रत्नमालाने विचारलं.

“हो,” गिरिजा म्हणाली. “खूप दुखतंय.” आणि ती रडता रडता हसली. मग तिने एक पाऊल टाकून बघितलं, थांबली, गुडघा चाचपला. “पण डावाच का गं?”

“नोंद डाव्याची आहे,” रत्नमाला म्हणाली आणि तिला आधार द्यायला उठली.